सेलोफेनचं पाणी

परवा रात्री एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुझा तो गोंद्री आहे ना, त्याचा एकच सिनेमा बघायचा झाला तर कुठला बघू? तुझा सगळ्यांत आवडता सांग."

हा प्रश्न मला नवा नाही. त्याचं उत्तरही वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड'. कुणीही विचारावं, मी तेच नाव घ्यावं आणि समोरच्याने "हो, काय सिनेमा आहे!" म्हणावं. पण त्या रात्री ते नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सांगून मोकळा झालो असतो. तिला ते सांगणं मला खोटं वाटायला लागलं.

"उद्या सांगतो," म्हणालो.

"एवढं अवघड आहे?"

आहे. मग पुढचे तीन-चार दिवस मी मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाचे सिनेमे पुन्हा काढून बसलो.

त्याचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते समजावून सांगणं कठीण जातं, कारण गोष्ट सांगितली तर महत्त्वाचं तेच राहून जातं. त्याच्या सिनेमात नळ सोडला की पाण्याऐवजी चुरगळलेला सेलोफेन येतो. आपण जिलेटीनचा कागद म्हणतो ना, तोच. ढग कापसाचे असतात आणि ते कापसाचे आहेत हे लपवलेलं नसतं. शहरं पुठ्ठ्याची, घोडे कापडाचे. माणसाचे हात एकाएकी उशीएवढे होतात. ही मोठ्या हातांची प्रतिमा त्याच्या लहानपणीच्या एका वाईट स्वप्नातली. १९९७ साली एका रॉक बँडच्या व्हिडिओत त्याने ती आधी वापरली आणि पुढे सिनेमातही आणली. यातलं जवळजवळ सगळं कॅमेऱ्यासमोर, हातांनी केलेलं. संगणक वापरतच नाही असं नाही, पण त्याचा जीव हातकामात.

हे त्याच्याकडे आलं कुठून, याचा माग काढताना मला एक गोष्ट सापडली होती आणि ती मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलो आहे. गोंद्रीचे आजोबा, कॉन्स्टंट मार्टिन, यांनी १९४७ साली क्लॅव्हिओलिन नावाचं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य तयार केलं. पेटीसारख्या पट्ट्या, पण आवाज विजेच्या उपकरणातून येणारा. तेच वाद्य १९५४ च्या 'नागिन'मध्ये वाजलं. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवलेली ती बीन. 'मन डोले' ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे गारुडी येतो, पुंगी येते. प्रत्यक्षात तिथे पुंगी नव्हतीच, एका फ्रेंच माणसाने बनवलेली पेटी होती. म्हणजे खोट्या साधनातून खरा अनुभव उभा करण्याचं काम त्या घरात आजोबांपासूनच चालू होतं. नातवाने ते आवाजाऐवजी चित्रात केलं, एवढंच.

गोंद्री स्वतः आधी ड्रम वाजवायचा, 'वी वी' नावाच्या बँडमध्ये. त्या बँडसाठी त्याने केलेले व्हिडिओ ब्यॉर्क या गायिकेने पाहिले, तिने त्याला बोलावलं आणि १९९३ पासून त्याचं नाव झालं. पुढे त्याने काय काय केलं! एका गाण्यातल्या प्रत्येक वाद्याला नाचणाऱ्यांचा एक गट दिला, म्हणजे बेस वाजला की एक टोळी जिना चढते-उतरते, गिटार वाजली की दुसरी हलते. ते गाणं तुम्ही अक्षरशः डोळ्यांनी ऐकता. एक अख्खं गाणं लेगोच्या ठोकळ्यांतून उभं केलं. ड्रम वाजवणाऱ्याला वेळ दिसते, असं मला नेहमी वाटतं, आणि त्याचे व्हिडिओ पाहताना आपल्यालाही ती थोडी दिसू लागते.

पण प्रश्न सिनेमाचा होता.

'इटर्नल सनशाइन' २००४ चा. जोएलला कळतं की क्लेमेंटाइनने एका दवाखान्यात जाऊन त्याला आपल्या आठवणींतून पुसून टाकलं आहे. तोही तिला पुसून घ्यायला जातो, आणि पुसलं जात असताना मध्येच त्याला ते पुसणं नकोसं होतं. या वेळी मी तो पाहिला तो केवळ हात कुठे कुठे दिसतात हे शोधायला. डॉक्टरांच्या खोलीतलं दृश्य आहे. जोएल आपल्याच आठवणीत उभा राहून खुर्चीत बसलेल्या स्वतःकडे बघतो. कॅमेरा एका जोएलवरून दुसऱ्यावर वळतो, परत फिरतो, मध्ये काप नाही. दोघंही जिम कॅरीच. कॅमेरा वळेपर्यंत तो कॅमेऱ्याच्या मागून धावत, कपड्यांत बदल करत दुसऱ्या जागी पोचत होता. हे कळल्यावर ते दृश्य मला जास्तच आवडलं. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ थोडा त्या धावण्याचाही असणार.

आणि पुस्तकांच्या दुकानातलं दृश्य. ती दोघं बोलतायत, आणि मागच्या फळ्यांवरची पुस्तकं एकेक करून कोरी होत जातात. बोलणं चालूच. आपलं लक्ष त्यांच्या चेहऱ्यांकडे असतं, म्हणून कोरेपणा नेमका कधी सुरू झाला ते कळत नाही. विसरणं असंच तर होतं.

तो त्याचा सर्वोत्तम सिनेमा आहे, यात मला शंका नाही. चार्ली कॉफमनची पटकथा आहे, कथेत कॉफमन, गोंद्री आणि पिएर बिस्मुथ असे तिघांचे हात आहेत, आणि त्या तिघांना त्यासाठी ऑस्करही मिळालं. पण पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी भारावून गेलोय आणि तरीही सुखरूप आहे. त्या सिनेमात दोघंही सारखेच चुकतात, दोघंही सारखंच पुसतात. तिथे बसून मला माझ्यापुरतं काही कबूल करावं लागत नाही.

मग 'बी काइंड रिवाइंड'. २००८. याने मला जवळजवळ जिंकलं होतं. व्हिडिओ कॅसेटच्या एका पडक्या दुकानातल्या सगळ्या टेप पुसल्या जातात, आणि दोन मित्र गिऱ्हाईकांना काहीतरी द्यायला हवं म्हणून मोठमोठे सिनेमे घरातल्या भंगारातून स्वतःच पुन्हा काढू लागतात. मोहल्ला त्या नकलांच्या प्रेमात पडतो. शेवटी सगळे मिळून एक स्वतःचा सिनेमा करतात आणि दुकानात पांढऱ्या कापडावर तो दाखवतात. ते कापड खिडकीत आहे, त्यामुळे चित्र पलीकडूनही दिसतंय, आणि रस्त्यावर गर्दी उभी राहून तोच सिनेमा उलट्या बाजूने बघतेय. मला तिथे दर वेळी भरून येतं. गोंद्रीने ही गोष्ट नुसती पडद्यावर ठेवली नाही. लोकांनी येऊन तीन तासांत आपला सिनेमा करून न्यावा अशी कार्यशाळा त्याने उभी केली, ती २०११ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्येही होती. सेट तयार, कॅमेरा तयार, गोष्ट तुमची.

'मूड इंडिगो'बद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो मला दमवतो. बोरिस व्हियाँच्या १९४७ च्या कादंबरीवरचा. नायिकेच्या फुप्फुसात कमळ उगवतं, ती जसजशी आजारी होत जाते तसतसं घर लहान होतं आणि चित्रातला रंग ओसरत जातो. ही एक कल्पना अख्ख्या सिनेमाला पुरली असती. पण पहिल्या अर्ध्या तासात इतक्या गमती येतात की दुःख येईपर्यंत बघणाऱ्याच्या अंगात त्राण उरत नाही. मला तिथे पहिल्यांदा वाटलं की कल्पकताही माणूस आडोशासारखी वापरू शकतो. आणि हे वाटल्याबरोबर मला कळलं की मी कुठला सिनेमा टाळतोय.

'द सायन्स ऑफ स्लीप', २००६. फ्रेंच नावात झोपेऐवजी स्वप्नं आहेत. स्वप्नांचं शास्त्र. मला फ्रेंच नाव जास्त पटतं, पण इंग्रजी नाव जास्त खरं आहे, कारण यातला नायक खरोखरच झोपलेला असतो, जागं राहायला हवं असतं नेमकं तेव्हा.

स्तेफान वडील गेल्यावर मेक्सिकोहून पॅरिसला आईकडे परत येतो. आईने त्याच्यासाठी कॅलेंडर छापणाऱ्या एका कंपनीत नोकरी बघून ठेवलेली असते. त्याला वाटतं चित्रं काढायची आहेत. काम निघतं अक्षरं चिकटवण्याचं. त्याने स्वतः बारा महिन्यांसाठी बारा आपत्तींची चित्रं काढलेली असतात, ती तिथे कुणाला नको असतात. शेजारच्या घरात स्तेफानी राहायला येते. नावं जवळजवळ सारखी. तीही हातांनी वस्तू करणारी. त्याला फ्रेंच नीट येत नाही, म्हणून दोघं इंग्रजीत बोलतात, जी दोघांचीही भाषा नाही. हे मला फार नेमकं वाटतं. दोन लाजरी माणसं, तिसऱ्याच भाषेत.

आणि त्याच्या डोक्यात पुठ्ठ्याचा एक टीव्ही स्टुडिओ आहे. कॅमेरा पुठ्ठ्याचा, भिंतींना अंड्यांचे ट्रे. तिथे तो एकटाच सगळं चालवतो आणि स्वप्न कसं शिजवायचं ते पातेल्यात ढवळून दाखवतो: थोडे इकडचे तिकडचे विचार, दिवसभरात घडलेलं थोडं, थोडं जुनं.

पहिल्यांदा मी हा सिनेमा विशीत पाहिला आणि मला तो आवडला नाही. नायक चिडचिडा आहे, लहान मुलासारखा हट्टी आहे, पटकथा ढिली आहे, असं मी तेव्हा मित्रांना तावातावाने सांगितलं होतं. पटकथा ढिली आहेच. इथे कॉफमन नाही, लिहिणारा एकटा गोंद्री. पण मला राग पटकथेचा आला नव्हता.

त्याच सुमारास मी एक फ्लिपबुक केलं होतं. चौसष्ट पानं, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची. एका हातात कडा धरून अंगठ्याने पानं फरफर सोडली की चित्र हलतं. डावीकडून एक कागदी होडी निघते, पानापानाने उजवीकडे सरकते, मध्ये लाटा येतात, पाऊस येतो. दीड महिना रोज रात्री बसून काढलं. पानं एकत्र शिवायला जमेना म्हणून डिंकाने चिकटवली. ते मी एका मुलीला दिलं. त्याआधी तिला मी तारेचा पक्षी दिला होता, त्याआधी काडेपेटीत मावणारी खोली, तिच्यात खुर्ची आणि दिवा. बोललो मात्र कधीच काही नव्हतो. सगळं त्या वस्तूंमध्ये आहे, तिला ते कळेल, अशी माझी समजूत होती.

फ्लिपबुक हातात घेऊन ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे फार सुंदर असतं रे सगळं. पण दर वेळी माझ्या हातात काहीतरी देऊन तू नुसता उभा राहतोस. मग मी काय बोलायचं असतं, ते मला कळत नाही."

मलाही कळलं नाही. मी निघून आलो. काही महिन्यांनी 'सायन्स ऑफ स्लीप' पाहिला आणि नायक मला सहन झाला नाही.

आता, इतक्या वर्षांनी, तो पुन्हा लावला. स्वयंपाकघरातलं ते दृश्य आलं. ती दोघं एका छोट्या ॲनिमेशनची कल्पना रंगवतायत. तिने पांढऱ्या कापडाची बोट केली आहे, बोटीच्या पोटात जंगल आहे, आणि तिला समुद्र हवा आहे. नळ सोडला की सेलोफेन उसळत बाहेर येतो. ती पियानोवर सूर शोधते, तो कापूस हवेत उडवतो, आणि नेमका सूर लागला की कापूस खाली पडायचा थांबतो. ढग होऊन तिथेच तरंगतो. मी ते दृश्य चार वेळा मागे नेऊन पाहिलं. कारण त्या एका जागी वस्तू त्याची नाही आणि तिचीही नाही. दोघं मिळून ती करतायत. माझ्या तारेच्या पक्ष्यात, काडेपेटीत, होडीत असं कधीच झालं नव्हतं. मी एकट्याने सगळं पुरं करून नेत असे. तिच्यासाठी करायला काही ठेवतच नसे.

रविवारी मी सेलोफेनचं पाणी करून बघितलं. एक पातेलं, वर नळ म्हणून रिकाम्या डब्याचं तोंड, शेजारी टेबललॅम्प, फोन तिपाईवर घट्ट बसवलेला. सेकंदाला बारा फोटो धरले तर दहा सेकंदांना एकशेवीस. वाटलं होतं, दुपारपर्यंत होईल. पण सेलोफेन ऐकत नाही. चुरगळून ठेवला की तो हळूहळू स्वतःच उलगडायला लागतो, बारीक चुरचुर आवाज करत, आणि फोटो काढून पुन्हा हात घालेपर्यंत त्याची घडी बदललेली असते. मी दाबून धरायचो, तो उसळायचा. तासाभराने दाबणं सोडून दिलं आणि तो जिथे जाईल तिथे त्याला थोडासा ढकलत राहिलो. संध्याकाळी सगळे फोटो जोडून चालवले. बऱ्याच ठिकाणी नुसता कागद हलत होता. पण मध्ये कुठेतरी, दीड-दोन सेकंद, लॅम्पचा उजेड घड्यांवरून घरंगळला आणि ते पाणी झालं. कागदाची चूक तीच पाण्याची हालचाल होती. सिनेमात तो नळ इतका जिवंत का वाटतो, ते मला तेव्हा समजलं. आजच्या संगणकाने केलेलं पाणी कधी चुकत नाही.

स्तेफान उडतो ते दृश्यही असंच. अभिनेता गाएल गार्सिया बेर्नाल पाण्याच्या टाकीत पोहतोय आणि मागच्या पडद्यावर आधीच चित्रित केलेलं पुठ्ठ्याचं शहर सरकतंय. पाण्यात माणूस जड होतो, हळू होतो. त्यामुळे ते उडणं पक्ष्यासारखं दिसत नाही, स्वप्नात आपण उडतो तसं दिसतं. जोर लावावा लागतो आणि पुढे जायला होत नाही.

पण मला हा सिनेमा त्याच्या सौंदर्यासाठी निवडायचा नाही. गोंद्रीच्या बाकी कामात कल्पकता नेहमी निर्दोष असते. ती माणसांना वाचवते, जोडते. इथे मात्र तो तिला मोकळी सोडत नाही. स्तेफान एक सेकंद मागे किंवा एक सेकंद पुढे नेणारं यंत्र करून स्तेफानीला देतो. किती गोड आहे ते! आणि हाच माणूस ती नसताना तिच्या घरात शिरतो, तिचा कापडी घोडा उचलून नेतो, त्यात यंत्र बसवतो, घोडा धावायला लागेल म्हणून. ती त्याला घरात पकडते आणि भडकते. तिचं भडकणं योग्य आहे. सिनेमा तिथे कुठेही तिला कोरडी ठरवत नाही. घोडा नंतर खरोखर धावतो आणि तिला त्याचा आनंदही होतो. दोन्ही खरं आहे. त्याने केलेली वस्तू सुंदर आहे आणि त्याने केलेलं कृत्य चूक आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. स्तेफानी झालेल्या शार्लोट गेन्सबूर्गचा चेहरा हे सगळं सांभाळतो. ती हसते तेव्हाही थोडी सावध असते. मी पूर्वी दोनदा पाहिला तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होतो.

स्वतःच्या सगळ्यात मोठ्या गुणाला एखाद्या दिग्दर्शकाने असं समोर बसवून विचारावं, की बाबा, तू हे कुणासाठी करतोयस, हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. त्याने हा सिनेमा ज्या नाजूक वयाच्या माणसाबद्दल केला, तो माणूस त्यातून पूर्ण सुटत नाही. शेवटी स्तेफान मेक्सिकोला परत जायच्या आधी निरोप घ्यायला तिच्याकडे येतो आणि फार वाईट वागतो. मग तिच्या माचाणावरच्या पलंगावर चढतो. तिथे त्याला ती बोट दिसते. तिने ती पुरी केलेली असते. काही न बोलता तो झोपी जातो आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवते. स्वप्नात दोघं त्या कापडी घोड्यावर बसून जंगल घेतलेल्या बोटीकडे जातात, बोट सेलोफेनच्या समुद्रात निघते. ती तिथे खरोखर आहे की तो एकटाच निघालाय, हे सांगितलेलं नाही. मला ते सांगायला नकोच होतं.

सोमवारी मी मैत्रिणीला फोन केला. 'सायन्स ऑफ स्लीप' बघ, म्हणालो. गोष्ट थोडी सांगितली, घोड्याचंही सांगितलं. ती ऐकत होती.

"कळलं," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तुझं ते फ्लिपबुक आहे माझ्याकडे."

मला वाटलं नव्हतं. मी तसं बोललोही.

"शेवटची सहा-सात पानं डिंकाने एकमेकांना चिकटलीयत. तेव्हापासून. ओढली तर फाटतील म्हणून मी कधी उघडली नाहीत. होडी पावसातून बाहेर येते तिथपर्यंतच दिसतं." पलीकडे पानं फरफरल्याचा आवाज आला, मग अडकल्याचा. "पोचते का रे ती कुठे?"

मी बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. लाटा आठवल्या, पावसाच्या तिरक्या रेघा आठवल्या, एका पानावर शाई सांडली होती तेही आठवलं. शेवटी काय काढलं होतं ते काही केल्या आठवेना, आणि मी तिला तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग ये कधीतरी. वाफेवर धरून बघू, सुटतात का."